वॉर्डातला रुग्ण बिघडतो आहे हे वेळीच कसे ओळखावे आणि कसे कळवावे: नर्सिंग विद्यार्थ्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंगचे विद्यार्थी वॉर्डात पोस्टिंगला आले की टीपीआर (तापमान, नाडी, श्वास) आणि बीपीचे काम सर्वांत आधी त्यांच्याकडे येते. ते निगुतीने होते, चार्ट भरले जातात, सह्या होतात, आणि तरीही त्याच चार्टमध्ये उतरलेली धोक्याची खूण पुष्कळदा कोणाच्याच ध्यानात येत नाही. याचे मुख्य कारण कामाचा उलटा क्रम हे आहे. आधी आकडा घेतला जातो, मग तो चार्टवर चढतो, मग पुढचा बेड येतो, आणि रुग्णाकडे नीट पाहणे राहून जाते. हा क्रम सुलटा कसा करायचा, कोणत्या टप्प्यावर काय तपासायचे आणि नेमक्या चुका कोठे होतात, एवढेच येथे मांडले आहे.

समजायला सोपे जावे म्हणून एक रचलेले उदाहरण पूर्ण लेखभर सोबत घेऊ. आतड्याला छिद्र पडल्यामुळे पोटाची शस्त्रक्रिया झालेले 58 वर्षांचे गृहस्थ बेड नंबर 14 वर आहेत. शस्त्रक्रियेनंतरचा दुसरा दिवस आहे, वजन सुमारे 60 किलो, मधुमेह आहे, पोटात ड्रेन (साचलेला द्रव बाहेर काढणारी नळी) आहे, लघवीसाठी कॅथेटर आहे. तुमची रात्रपाळी आहे.

येथील आकडे 16 वर्षे व त्यावरील आणि गरोदर नसलेल्या रुग्णांसाठी आहेत. लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्या मर्यादा वेगळ्या असतात. त्यांना हे आकडे लावू नयेत.

## टप्पा 1: ओव्हर घेताना प्रश्न घेऊन उभे राहा

ओव्हर, म्हणजे पाळी बदलताना रुग्णांची माहिती ताब्यात घेणे, हे मागच्या पाळीने सांगितलेले नुसते उतरवून घेणे आहे, असा समज असतो. ‘बेड 14, पोस्टऑप, व्हायटल्स स्टेबल, सलाईन चालू’ एवढे लिहून घेतले तर तुमच्या हाती काहीच आलेले नसते. प्रत्येक रुग्णाबाबत निदान तीन गोष्टी विचारून घ्या: या रुग्णाचे नेहमीचे आकडे काय आहेत, आज त्याच्यात काय बदलले, आणि या आजारात किंवा या शस्त्रक्रियेनंतर सर्वांत आधी काय बिघडू शकते.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ओव्हरमध्ये बहुधा मिळत नाही. ते तुम्हाला स्वतः केसपेपर वाचून तयार करावे लागते. बेड 14 च्या बाबतीत आतून रक्तस्राव, आतड्याचा टाका सुटून पोटात जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, पायातल्या शिरेत गुठळी, आणि मधुमेहामुळे साखर वर किंवा खाली जाणे या शक्यता वहीत आधीच लिहिलेल्या असतील, तर रात्री दोन वाजता नाडी वाढलेली दिसल्यावर विचाराला दिशा मिळते. तसे नसेल तर ‘नाडी 104’ हा केवळ एक आकडा राहतो.

ओव्हर शक्य तेथे बेडपाशी उभे राहून घ्या. सलाईनची बाटली, युरोबॅग (लघवीची पिशवी), ड्रेन आणि ड्रेसिंग तुमच्या डोळ्यांनी पाहिलेले असले पाहिजे, कारण पुढचा प्रत्येक बदल त्याच्याशीच ताडून पाहायचा आहे.

तपासा: रुग्णाला ‘तुम्ही अमुकच ना?’ असे विचारू नका. गुंगीत किंवा घाबरलेला रुग्ण कशालाही ‘हो’ म्हणतो. ‘काका, तुमचं पूर्ण नाव सांगा’ असे विचारा आणि ते हातातल्या पट्टीवरच्या नोंदणी क्रमांकासह केसपेपरशी जुळवा. बेड नंबर ही ओळख धरू नका, कारण गर्दीच्या वॉर्डात बेड बदलतात.

## टप्पा 2: उपकरणाला हात लावण्याआधी रुग्ण पाहा

हात स्वच्छ करून बेडपाशी आल्यावर पहिले अर्धे मिनिट फक्त पाहण्यासाठी आणि बोलण्यासाठी राखून ठेवा. रुग्ण कसा पडून आहे, एका दमात पूर्ण वाक्य बोलतो की दोन-तीन शब्दांनंतर थांबतो, ओठांचा रंग कसा आहे, कपाळावर घाम आहे का, पोट फुगलेले आहे का, हे पाहा. हात हातात घेतला की तो गार व घामेजलेला आहे की गरम आहे हे कळते. बोटाचे टोक हृदयाच्या पातळीवर धरून पाच सेकंद दाबा आणि सोडा. रंग परत यायला तीन सेकंदांहून अधिक लागत असतील, तर त्वचेपर्यंत रक्त कमी पोहोचत असल्याची शंका घ्या. हात थंडीने गारठलेले असतील तर हीच चाचणी छातीच्या मधल्या हाडावर करा.

‘कसं वाटतंय?’ या प्रश्नाला बहुतेक रुग्ण ‘ठीक आहे’ असेच उत्तर देतात. त्याऐवजी ‘संध्याकाळपेक्षा आता काय वेगळं वाटतंय?’ असे विचारा. हाच प्रश्न उशाशी बसलेल्या नातेवाइकालाही विचारा. आपल्या वॉर्डांत रुग्णाजवळ बहुधा घरचे कोणीतरी असते. ‘हे असं कधी बोलत नाहीत हो’ किंवा ‘मघापासून नुसते कुशी बदलताहेत’ असे त्यांनी सांगितले, तर त्याची नोंद घ्या. त्या माणसाने रुग्णाला वर्षानुवर्षे पाहिलेले आहे आणि तुम्ही काही तास.

सावध: रात्री अचानक बडबडणारा, नळ्या ओढणारा किंवा बेडवरून उतरू पाहणारा रुग्ण ‘त्रास देतो’ म्हणून त्याच्यासाठी झोपेचे इंजेक्शन मागण्याची घाई करू नका. मेंदूला ऑक्सिजन कमी पडणे, रक्तातील साखर उतरणे, जंतुसंसर्ग, रक्तदाब घसरणे, लघवी तुंबणे आणि तीव्र वेदना या सर्वांत रुग्ण असाच वागू शकतो. आधी ऑक्सिजन, साखर, नाडी आणि रक्तदाब पाहा. कारण न शोधता गुंगीचे औषध दिले गेले, तर श्वास मंदावतो आणि धोक्याची खूणही झाकली जाते.

## टप्पा 3: मोजमाप, आणि त्यातील नेहमीच्या चुका

श्वास. सर्वांत जास्त खोटी नोंद श्वासाची होते. कोणत्याही वॉर्डातले चार्ट उघडले की एकामागून एक रुग्णांच्या पुढे 18 किंवा 20 लिहिलेले दिसते, आणि इतक्या माणसांचा श्वास सारखा असणे शक्य नाही. प्रकृती बिघडू लागली की श्वासाची गती अनेकदा रक्तदाबाच्या आधी बदलते, म्हणजे सर्वांत लवकर बोलणारी खूणच आपण न मोजता भरतो. नाडीवरची बोटे तशीच ठेवून, श्वास मोजत असल्याचे न सांगता, छाती किंवा पोटाची हालचाल पूर्ण 60 सेकंद मोजा. सांगितले की रुग्ण नकळत श्वास बदलतो. जाड चादर असेल तर ती बाजूला करा. पोटाची शस्त्रक्रिया झालेला रुग्ण दुखते म्हणून उथळ श्वास घेतो. पंधरा सेकंद पाहून चारने गुणल्यास अशा वेळी हमखास चूक होते.

नाडी. पहिल्या वेळी तरी मनगटावर बोटे ठेवूनच मोजा. ऑक्सिमीटर आकडा दाखवतो, पण नाडी अनियमित आहे, क्षीण आहे की उसळणारी आहे हे सांगत नाही. अनियमित असेल तर पूर्ण मिनिटभर मोजा.

रक्तदाब. कफ दंडाच्या मापाचा हवा. जाड दंडाला लहान कफ बांधल्यास रक्तदाब खरा असतो त्याहून जास्त येतो. हात हृदयाच्या पातळीवर टेकवा. डायलिसिसचा फिस्टुला (त्यासाठी शस्त्रक्रियेने जोडलेली धमनी व शीर) असलेल्या हातावर रक्तदाब घेऊ नका. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढलेल्या असतील तर त्या बाजूचा हातही टाळा. यंत्र दोनदा ‘एरर’ दाखवत असेल तर यंत्र बिघडले असे गृहीत धरू नका. रक्तदाब फार कमी असला किंवा नाडी अनियमित असली तरी असेच होते, म्हणून लगेच हाताने घ्या.

ऑक्सिजनचे प्रमाण. गार बोटे आणि गडद नेलपॉलिश यांमुळे आकडा चुकतो, आणि बोटावर गडद मेंदी असेल तरी दुसऱ्या जागी ताडून पाहावे. ज्या हाताला बीपीचा कफ बांधला आहे त्या हातावर ऑक्सिमीटर लावू नका. आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. रुग्ण ऑक्सिजनवर असेल तर किती लिटरवर आहे हे आकड्याच्या शेजारी लिहिलेच पाहिजे, कारण साध्या हवेवरचे 96 आणि सहा लिटरवरचे 96 यांचा अर्थ फार वेगळा आहे. तीव्र रक्तक्षयाच्या रुग्णात हा आकडा चांगला दिसतो, पण शरीराला पोहोचणारा एकूण ऑक्सिजन कमीच असतो.

तापमान. कमी तापमानही तितकेच महत्त्वाचे आहे. वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णांत गंभीर जंतुसंसर्ग तापाशिवाय असू शकतो.

शुद्ध आणि लघवी. रुग्णाला स्वतःचे नाव, आपण कोठे आहोत आणि दिवस आहे की रात्र हे विचारा. पूर्वी नसलेला गोंधळ ही स्वतंत्र धोक्याची खूण आहे. कॅथेटर असेल तर मागच्या नोंदीपासून जमलेली लघवी तासांनी भागा. प्रौढ रुग्णात दर किलोमागे तासाला निदान अर्धा मिली, म्हणजे 60 किलोच्या रुग्णात तासाला सुमारे 30 मिली लघवी व्हायला हवी. कमी दिसल्यास आधी नळी मुडपली आहे का, रुग्णाच्या मांडीखाली दबली आहे का, ते पाहा.

तपासा: न मोजलेला आकडा लिहू नका. वेळेअभावी एखादी गोष्ट मोजता आली नसेल तर जागा रिकामी ठेवा आणि स्टाफ सिस्टरांना सांगा. रिकामी जागा पाहून कोणीतरी मोजेल, पण खोटा आकडा पाहिल्यावर कोणीही मोजणार नाही.

## टप्पा 4: आकडे एकत्र वाचा

तारतम्य लागते ते येथे. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने तयार केलेला न्यूज-2 हा गुणतक्ता यासाठी उपयोगी आहे. तुमच्या रुग्णालयात दुसरा तक्ता लागू असेल तर तोच वापरा. न्यूज-2 मध्ये सामान्य आकड्याला शून्य आणि तो जितका सामान्यापासून दूर तितके अधिक, जास्तीत जास्त तीन, गुण असतात. श्वास 12 ते 20, ऑक्सिजन 96 किंवा अधिक, वरचा रक्तदाब 111 ते 219, नाडी 51 ते 90 आणि तापमान 97 ते 100.4 अंश फॅरनहाइट यांना शून्य गुण आहेत. बाहेरून ऑक्सिजन चालू असल्यास दोन गुण, आणि शुद्ध बदललेली असल्यास थेट तीन. एकूण 5 किंवा 6 गुण झाले की तातडीने डॉक्टरांना कळवायचे, 7 किंवा अधिक ही आणीबाणी, आणि एकाच गोष्टीला तीन गुण मिळाले तरीही लगेच कळवायचे. फुप्फुसांच्या जुनाट आजारामुळे ज्यांच्यासाठी डॉक्टरांनी 88 ते 92 असे लक्ष्य ठरवून दिले आहे, त्यांच्यासाठी ऑक्सिजनची वेगळी श्रेणी आहे.

आता बेड 14 पाहा. रात्री 10 वाजता नाडी 88, श्वास 18, रक्तदाब 124/78, ऑक्सिजन 97, ताप 99.3. गुण शून्य. रात्री 2 वाजता नाडी 104, श्वास 23, रक्तदाब 112/74, ऑक्सिजन 95, ताप 100.2, आणि चार तासांत लघवी 80 मिली. गुण किती? श्वासाचे दोन, ऑक्सिजनचा एक, नाडीचा एक, म्हणजे चार.

चार गुण म्हणजे तक्त्याप्रमाणे पाचची रेषा ओलांडलेली नाही, आणि बहुतेक विद्यार्थी येथे पान उलटतात. पण सर्व आकडे एकाच दिशेने सरकले आहेत. शून्यावरून चार तासांत चार झाले. लघवी तासाला 20 मिली आहे, आणि न्यूज-2 लघवी मोजतच नाही. रक्तदाब 112 असला तरी तो 124 वरून आला आहे आणि त्याच वेळी नाडी 16 ने वाढली आहे; शरीर नाडी वाढवून, हातापायांकडचे रक्त कमी करून रक्तदाब सावरून धरत असल्याचे हे लक्षण आहे. टप्पा 1 मध्ये लिहिलेल्या शक्यतांशी ताडले की रक्तस्राव आणि पोटातील जंतुसंसर्ग या दोन्ही बसतात. निदान करणे तुमचे काम नाही, पण हा रुग्ण सकाळच्या राउंडपर्यंत थांबू शकत नाही हे ओळखणे तुमचेच काम आहे. माझ्या मते कळवण्याची योग्य वेळ हीच, रात्री दोनची. ते न झाल्यास पहाटे 4 वाजता नाडी 118, श्वास 26, रक्तदाब 98/60, ऑक्सिजन 93, ताप 101.1 आणि रुग्ण गोंधळलेला, असे चित्र दिसू शकते. त्याचे गुण 13 होतात आणि तोपर्यंत हातातले दोन तास गेलेले असतात.

सावध, या चार ठिकाणी आकडा फसवतो: तरुण रुग्णाचा रक्तदाब बराच रक्तस्राव होईपर्यंत टिकून राहतो. बीटा-ब्लॉकर (नाडी मंद ठेवणारे औषध) घेणाऱ्या रुग्णाची नाडी हवी तेव्हा वाढत नाही. ज्याचा रक्तदाब नेहमी 160 असतो त्याच्यासाठी 110 हा कमीच आहे. आणि पॅरासिटामॉल दिल्यावर ताप उतरतो, त्याचे कारण उतरत नाही.

## टप्पा 5: मदत बोलावताना लगेच करायच्या गोष्टी

रुग्णाला एकटे सोडून मदत शोधायला जाऊ नका. स्टाफ सिस्टर किंवा ब्रदर यांना तेथूनच हाक मारा, किंवा वॉर्डातल्या मदतनीस मामा-मावशींना पाठवा. तोवर तुमच्या अधिकारात बसणाऱ्या गोष्टी करा. धाप असेल तर डोक्याकडची बाजू उंच करा. रक्तदाब कमी आणि रुग्ण गुंगीत असेल तर आडवे झोपवा, आणि उलटीची शक्यता असेल तर कुशीवर वळवा. तोंडाने काही देऊ नका (साखर उतरल्यास काय करायचे ते पुढे दिले आहे). सलाईनची सुई जागेवर आहे आणि शीर सुजलेली नाही याची खात्री करा. ड्रेनमधील द्रवाचा रंग आणि प्रमाण पाहा. ड्रेसिंग भिजले असेल तर स्वतःहून उघडू नका. भिजल्याची कड पेनने आखून वेळ लिहा आणि वरून पॅड द्या.

मधुमेही रुग्ण गोंधळलेला किंवा घामाने भिजलेला असेल तर ग्लुकोमीटरने साखर लगेच तपासा. 70 च्या खाली असून रुग्ण पूर्ण शुद्धीत असेल, गिळू शकत असेल आणि त्याला तोंडाने घेण्याची मनाई नसेल, तर रुग्णालयाच्या नियमाप्रमाणे 15 ग्रॅम साखर तोंडाने देतात. गुंगीतल्या किंवा उपाशी ठेवलेल्या रुग्णाला ती शिरेतूनच, आदेशाप्रमाणे द्यावी लागते. ऑक्सिजन सुरू करणे हे स्टाफ सिस्टरांच्या सांगण्यावरून आणि रुग्णालयाच्या नियमाप्रमाणेच करा.

याच वेळी एखाद्या औषधाची वेळ झालेली असते आणि घोटाळा तेथे होतो. रक्तदाब उतरत असताना रक्तदाबाची गोळी, जेवत नसलेल्या रुग्णाला ठरलेले इन्शुलिन, किंवा आधीच गुंगीत असलेल्या आणि श्वास मंदावलेल्या रुग्णाला ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक, ही औषधे ‘लिहिलेली आहेत’ म्हणून देऊ नका. थांबा, विचारा, आणि थांबवल्याचे कारण लिहा. विचारल्याशिवाय कायमचे बंद करणेही तितकेच चूक आहे.

## टप्पा 6: कळवताना आधी कारण, शेवटी मागणी

‘मॅडम, 14 नंबरचा पेशंट जरा बरा वाटत नाहीये’ असे ऐकल्यावर चार वॉर्ड सांभाळणाऱ्या रेसिडेंट डॉक्टरला काहीही ठरवता येत नाही. एसबार नावाची पद्धत येथे कामी येते: आत्ता काय घडते आहे, रुग्णाची पार्श्वभूमी, तुम्हाला काय आढळले व काय वाटते, आणि तुम्हाला काय हवे आहे. फोनपूर्वी केसपेपर, चार्ट आणि औषधांची यादी हाताशी घ्या आणि चार ओळी लिहून काढा. विद्यार्थ्याने फोन करायचा असल्यास स्टाफ सिस्टरांना सांगून आणि त्या शेजारी असतानाच करावा.

बेड 14 साठी रात्री दोनचा फोन असा होईल:

‘मॅडम, मी सर्जरी वॉर्डातून नर्सिंग स्टुडंट बोलतेय, स्टाफ सिस्टर सोबत आहेत. बेड 14 च्या पेशंटची नाडी आणि श्वास चार तासांत वाढलेत, लघवी कमी झालीय. वय 58, परफोरेशनच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस, डायबेटिक. दहा वाजता नाडी 88, श्वास 18 होता. आता नाडी 104, श्वास 23, बीपी 112/74, ऑक्सिजन साध्या हवेवर 95, ताप 100.2. लघवी तासाला 20 एमएल. हात गार आहेत, शुगर 142 आहे. आतून रक्तस्राव किंवा इन्फेक्शन असेल अशी शंका वाटते. तुम्ही आत्ता येऊन पाहावं. येईपर्यंत काही सुरू करायचं का?’

यात मागणी स्पष्ट आहे आणि वेळही सांगितली आहे. विद्यार्थी बहुधा येथेच संकोचतात, आणि सर्व आकडे सांगून गप्प बसतात.

तपासा: तोंडी आदेश स्टाफ सिस्टरांनी घ्यावा. औषधाचे नाव, मात्रा, मार्ग आणि वेळ लिहून समोरच्याला वाचून दाखवावी आणि होकार घ्यावा. डॉक्टर आल्यावर आदेशावर त्यांची सही घ्यावी.

डॉक्टर किती वेळात येणार हे विचारा. सांगितलेल्या वेळेत कोणी आले नाही किंवा प्रकृती आणखी उतरली, तर स्टाफ सिस्टरांमार्फत रजिस्ट्रार आणि रात्रीच्या सुपरवायझर यांच्याकडे जा. वरिष्ठांना मध्यरात्री उठवल्याबद्दल बोलणी बसण्याची भीती खरी असते, हे मी जाणते. तरीही वरच्या पातळीवर कळवणे हा तक्रारीचा प्रकार नसून कामाचाच भाग आहे, आणि कोणाकडे कोणत्या क्रमाने जायचे हे पोस्टिंगच्या पहिल्याच दिवशी विचारून वहीच्या पहिल्या पानावर फोन नंबरांसह लिहून ठेवावे.

## टप्पा 7: उपचारानंतर पुन्हा पाहा

सलाईन वाढवली, औषध दिले, आणि काम झाले असे समजणे ही अनुभवी हातांकडूनही होणारी चूक आहे. आदेश अमलात आल्यावर पुढची मोजणी कधी करायची ते ठरवून घ्या. न्यूज-2 प्रमाणे 5 किंवा 6 गुणांवर निदान दर तासाला आणि 7 किंवा अधिक गुणांवर सतत लक्ष ठेवायचे असते. दर वेळी पुन्हा टप्पा 2 पासून सुरुवात करा. भरपूर सलाईन दिल्यानंतर श्वास वाढला, खोकला आला किंवा ऑक्सिजन उतरला, तर फुप्फुसात पाणी साचत असल्याची शक्यता असते. हे लगेच कळवावे लागते.

## टप्पा 8: नोंद आणि पुढची ओव्हर

‘बीपी कमी, डॉक्टरांना कळवले’ ही नोंद अपुरी आहे. किती वाजता काय आढळले, कोणाला किती वाजता कळवले, त्यांनी काय सांगितले, काय केले, आणि त्यानंतर रुग्ण कसा होता, हे चोवीस तासांच्या घड्याळाप्रमाणे वेळ घालून लिहा. नोंद घटनेच्या जवळात जवळ करा. उशिरा करावी लागली तर ‘उशिरा केलेली नोंद’ असे स्पष्ट लिहून आताचीच वेळ घाला. चूक झाल्यास एकच रेघ मारून सही करा, खाडाखोड किंवा व्हाइटनर वापरू नका. केसपेपरचा किंवा रुग्णाचा फोटो वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, शिकण्यासाठी म्हणूनही, टाकू नका.

सकाळच्या पाळीला ओव्हर देताना बेड 14 साठी ‘रात्री जरा बिघडले होते, आता ठीक’ असे सांगून निघू नका. शेवटची मोजणी किती वाजता झाली आणि पुढची किती वाजता आहे, कोणते रक्ताचे रिपोर्ट अजून यायचे आहेत, कोणते औषध थांबवून ठेवले आहे आणि ते पुन्हा सुरू करायचे की नाही हे कोण ठरवणार आहे, या प्रत्येक गोष्टीची जबाबदारी पुढच्या पाळीतील कोणीतरी नावानिशी घेईपर्यंत बेड सोडू नका.